हरलेल्या डावांची वही

रात्री अकरा वाजता ‘एकच डाव खेळतो’ म्हणून मोबाइल हातात घ्यायचा आणि साडेबारा वाजता सहावा डाव हरून तो उशाशी ठेवायचा, हा अनुभव ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आहे. हरल्यावर पडद्यावर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे रेटिंगमधून वजा झालेले गुण आणि दुसरी म्हणजे नवा डाव सुरू करण्याचं बटण. आत्ता संपलेला डाव मात्र दोन सेकंदांत नजरेआड होतो.

समोरासमोर बसून खेळतात तिथे असं होत नाही. डाव संपला की दोघे हात मिळवतात आणि बहुतेक वेळा पट तसाच ठेवून पुन्हा मांडायला घेतात. ‘इथे तू घोडा घेतला असतास तर मी संपलो होतो.’ ‘अरे, मला तो दिसलाच नाही, मी हत्तीच्याच विचारात होतो.’ बुद्धिबळाच्या जगात या बोलण्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्यात आपल्याला स्वतःची चूक कळते, समोरच्याला काय वाटत होतं तेही कळतं आणि नकळत खेळ वाढतो. ऑनलाइन बुद्धिबळानं आपल्याला पुष्कळ दिलं. मध्यरात्रीही जोडीदार मिळतो, तोही आपल्याच ताकदीचा आणि फुकट. पण डावानंतरचं ते बोलणं त्यानं काढून घेतलं. हजारो डाव खेळूनही कित्येकांचा खेळ वर्षानुवर्षं एकाच जागी का राहतो, याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे. ते बोलणं परत कसं मिळवायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आकडा काय सांगतो

आपला खेळ कसा आहे असं विचारलं की खेळाडू रेटिंग सांगतो. म्हणून आधी या आकड्याचा अर्थ नीट लावू.

आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. रेटिंग मोजण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघानं १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. तिचा गाभा साधा आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक त्यांच्या डावांचा अपेक्षित निकाल सांगतो. फरक १०० चा असेल तर वरच्या खेळाडूनं शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळवावेत, २०० चा असेल तर ७६ आणि ४०० चा असेल तर ९१. बरोबरीचा अर्धा गुण धरायचा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं तर आकडा चढतो, कमी मिळवलं तर उतरतो.

संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९० च्या दशकात यात एक महत्त्वाची भर घातली. खेळाडूच्या आकड्यावर आपला किती भरवसा आहे, तेही मोजायचं. या पद्धतीचं नाव ग्लिको. ऑनलाइन खेळाच्या संकेतस्थळांपैकी आज चेस डॉट कॉम ग्लिको वापरतं आणि लीचेस तिची सुधारलेली आवृत्ती, ग्लिको-२. म्हणूनच नव्या खेळाडूचा आकडा एकेका डावाला मोठ्या उड्या मारतो आणि नियमित खेळणाऱ्याचा सहा-आठ गुणांनीच हलतो. नव्याबद्दल यंत्रणेला अजून खात्री नसते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे हा आकडा उंची-वजनासारखा स्वयंभू नाही. ज्यांच्यात आपण खेळतो त्यांच्या तुलनेतच त्याला अर्थ आहे. लीचेसवर प्रत्येक जण १५०० पासून सुरुवात करतो, दुसरीकडे सुरुवात वेगळी असते, त्यामुळे एका ठिकाणचे १६०० म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे १६०० नव्हेत. मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० च्या खालची सगळी रेटिंग एका सूत्रानं वर उचलली. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० चा झाला, १००० चा १४०० चा. खेळ त्यांचा आदल्या दिवशीचाच होता.

दुसरी गोष्ट नशिबाच्या हेलकाव्यांची. समजा, तुमच्याच ताकदीच्या खेळाडूंशी तुम्ही शंभर डाव खेळलात आणि एकही बरोबरीत सुटला नाही. म्हणजे प्रत्येक डाव नाणेफेकीसारखा. या शंभर डावांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के आहे. खेळ जराही न बिघडता सलग पाच वेळा हरणं ही जवळजवळ ठरलेलीच गोष्ट आहे. त्यात तीस-चाळीस गुण जातात आणि माणूस घाबरून नवी ओपनिंग शिकायला घेतो, नवा कोर्स विकत घेतो किंवा गेलेले गुण परत मिळवायला पहाटेपर्यंत खेळत बसतो. आठवड्याच्या चढउतारावरून खेळाबद्दल काहीच ठरवू नये. दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा, तोही एकाच प्रकारच्या वेळेतल्या डावांचा.

थोडक्यात, तुम्ही किती डाव जिंकता हे रेटिंग बऱ्यापैकी सांगतं. हरता ते का, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

इंजिन काय सांगतं

मग ‘का’ विचारायला आपण इंजिनकडे, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक-प्रणालीकडे, जातो. स्टॉकफिश हे आजच्या सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एक. ते मोफत आहे आणि २०२० पासून त्यात न्यूरल नेटवर्कचीही जोड आहे. जगज्जेताही ज्याच्यापुढे टिकणार नाही असा तपासनीस आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ही फार मोठी सोय आहे, पण तिची भाषा समजून घ्यायला हवी.

इंजिन स्थितीचं मोल प्याद्यांत सांगतं. अधिक एक म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याएवढा फायदा. पण प्रत्येक प्याद्याची किंमत सारखी नसते. लीचेस या मोलाचं जिंकण्याच्या शक्यतेत रूपांतर करतं. त्या हिशेबात शून्य म्हणजे ५० टक्के, अधिक एक म्हणजे सुमारे ५९, अधिक तीन म्हणजे ७५ आणि अधिक नऊ म्हणजे ९६ च्या पुढे. समान स्थितीत एक प्यादं गमावलं तर शक्यता नऊ टक्क्यांनी घसरते. एक वजीर पुढे असताना तेच प्यादं गेलं तर जेमतेम दीड टक्क्यानं. म्हणून जिंकलेल्या डावात ‘सर्वोत्तम चाल चुकली’ अशी सूचना आली तर तिच्यावर वेळ घालवू नका. इंजिनच्या आलेखात जिथे कडा कोसळलेला दिसतो तिथे थांबा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ही टक्केवारी बलवान खेळाडूंच्या डावांवरून काढलेली आहे. अकराशे-बाराशेच्या पातळीवर तीन प्याद्यांची आघाडी पाच चालींत उलटते. ‘मी तर हरलोच होतो’ म्हणून डाव सोडून देणाऱ्या नवख्याला हे सांगायलाच हवं.

इंजिनची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. ते अठराव्या चालीवर लाल खूण करतं आणि घोड्याऐवजी हत्ती हलवायला हवा होता असं दाखवतं. आपण मान डोलावतो आणि पुढच्या डावात पुन्हा तसंच करतो. घोडा हलवताना आपल्या डोक्यात काय चाललं होतं, हे इंजिनला ठाऊक नसतं. चूक पटावर दिसते, पण ती झालेली असते विचारात, आणि तो विचार फक्त तुम्हाला माहीत असतो. तोही जेमतेम पंधरा मिनिटं. इंजिनचं उत्तर एकदा डोळ्यांसमोर आलं की ‘हे मला दिसतच होतं’ असं मन स्वतःलाच पटवतं आणि मूळ विचार पुसला जातो.

जगज्जेता डी. गुकेशच्या जडणघडणीत ही गोष्ट ठळकपणे दिसते. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीच्या वर्षांत इंजिनपासून दूर ठेवलं. स्थिती पाहायची, स्वतः मोजायची, स्वतः चुकायचं आणि चूकही स्वतःच शोधायची. इंजिन त्याच्या हाती आलं तेव्हा त्याला स्वतःचं मत होतं. आपणही तोच क्रम ठेवायला हवा. आधी आपलं मत, मग इंजिनचं.

एका सापळ्याची चिकित्सा

ऑनलाइन खेळात हमखास भेटणारा एक छोटा डाव पाहू. शक्य असेल तर पट मांडा.

पांढरा राजापुढचं प्यादं ई४ वर आणतो, काळा ई५ वर. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर. पांढरा उंट सी४ वर आणतो. आता काळा सी६ वरचा घोडा उचलून थेट डी४ वर ठेवतो. ई५ चं काळं प्यादं राखणारं आता कुणीच नाही. पांढरा खूश होऊन घोड्यानं ते प्यादं मारतो. काळा वजीर जी५ वर येतो. तो ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर एकदमच रोखलेला असतो. पांढऱ्याला मात्र वेगळंच काही दिसतं. त्याचा घोडा एफ७ वर गेला तर वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला! तो एफ७ चं प्यादं मारतो. काळा वजीर जी२ चं प्यादं मारून हत्तीवर येतो, पांढरा हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ चं प्यादं मारून शह देतो, पांढरा उंट ई२ वर आडवा घालतो आणि काळा घोडा एफ३ वर येऊन मात करतो. मधे घातलेला उंट वजिराच्या दाबाखाली बांधला गेला आहे, त्याला घोडा मारता येत नाही. राजाला आपल्याच सोंगट्यांनी चहूबाजूंनी कोंडलं आहे. सात चालींत खेळ संपला.

एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश खेळाडू जोसेफ ब्लॅकबर्न कॉफीगृहात शिलिंगची पैज लावून हा डाव खेळत, अशी आख्यायिका आहे आणि या सापळ्याला त्यांचंच नाव चिकटलं आहे.

आता पांढऱ्याच्या बाजूनं चिकित्सा करू. इंजिन सांगेल की चौथ्या चालीत प्यादं मारण्याऐवजी डी४ चा घोडा मारायला हवा होता, मग पांढऱ्याचाच डाव बरा. पाचव्या चालीतही एफ७ वर घोड्याऐवजी उंटानं मारून शह दिला असता तर झुंज बाकी होती. ही माहिती अचूक आहे. पण हरलेल्या तीन खेळाडूंना विचारा, तीन वेगळी उत्तरं येतील. पहिला म्हणेल, ‘प्यादं फुकट दिसलं, घेतलं.’ समोरच्यानं ते का सोडलं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. दुसरा म्हणेल, ‘वजीर जी२ वर येणार हे दिसलं होतं, पण आधी मी त्याचा हत्ती मारीन असं वाटलं.’ याला धोका दिसला, पण मोजणी एक चाल आधीच थांबली. तिसरा म्हणेल, ‘हा सापळा मी वाचला होता. पण समोरचा भराभर खेळत होता, मग मीही भराभर खेळलो.’ पटावरची चूक एकच आहे, पण आजार तीन आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. इंजिननं तिघांच्याही डावावर लाल खूण त्याच जागी केली असती.

काळ्यानं डाव जिंकला, पण त्याची घोड्याची ती चाल मुळात कमकुवत होती. समोरच्यानं नीट उत्तर दिलं असतं तर त्याचाच तोटा होता. अशा सापळ्यांवर रेटिंग काही काळ चढतं. खेळ मात्र वाढत नाही, आणि पुढच्या पायरीवरचे खेळाडू सापळ्यात येईनासे झाले की तो खेळाडू एका जागी अडकतो. म्हणून जिंकलेले डावही अधूनमधून तपासा. ‘समोरच्यानं काय खेळलं असतं तर मी हरलो असतो?’ एवढाच प्रश्न त्यासाठी पुरे आहे.

वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण कागदावर लिहिताना हात थांबतो आणि विचार स्पष्ट होतो. हरलेला डाव संपला की लगेच, इंजिन सुरू न करता, डाव पहिल्यापासून पाहा. तो हातून कुठे सुटला असं तुम्हाला वाटतं, ती चाल शोधा. मग चार गोष्टी लिहा.

पहिली, चालीचा क्रमांक आणि तुम्ही काय खेळलात. दुसरी, ते का खेळलात, एका पूर्ण वाक्यात. ‘त्याचा उंट हाकलायचा होता’ असं. ‘चूक झाली’ हे कारण नव्हे. तिसरी, समोरच्याच्या आधीच्या चालीचा हेतू तुम्ही पाहिला होता का. चौथी, त्या क्षणी तुमच्या आणि त्याच्या घड्याळात किती वेळ उरला होता.

आता इंजिन सुरू करा. पुष्कळदा ते वेगळ्याच जागी बोट ठेवेल. तुम्हाला वाटलं डाव तिसाव्या चालीत गेला, प्रत्यक्षात तो बाविसाव्यात गेलेला असतो. ही तफावतही लिहा. डाव गेल्याचं आठ चाली कळलंच नाही, हेही एक निदानच आहे.

शेवटी त्या चुकीची जात लिहा. सहा जाती पुरतात. दिसलंच नाही. दिसलं, पण मोजणी चुकली. काय करावं तेच कळेना. माहीत नव्हतं. घड्याळ. मन. शेवटच्या जातीत थकवा, चिडचिड, जिंकलेला डाव म्हणून आलेली ढिलाई आणि मोठं रेटिंग पाहून बसलेली धास्ती, सगळं येतं.

काही पराभव या वहीत येऊच नयेत. बोट घसरून सोंगटी भलत्या घरात पडली किंवा नेट गेलं, तर तो खेळाचा दोष नव्हे. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचा संपर्क तुटला आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारतानं दाद मागितली आणि अखेर भारत व रशिया दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. दिव्यानं पुढे २०२५ मध्ये बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला. पटाबाहेरचा अपघात वेगळा काढता आला, तरच पटावरची चूक स्वच्छ दिसते. फक्त या सवलतीचा आडोसा घ्यायचा नाही. वेळ संपून हरलेल्या डावाला ‘नेटचा दोष’ म्हणण्याआधी घड्याळाची नोंद पाहायची.

असे वीस-तीस डाव जमले की बेरीज करा. समजा तीस पराभवांपैकी चौदा ‘दिसलंच नाही’चे, सहा घड्याळाचे, चार मनाचे आणि ओपनिंग माहीत नसल्यामुळे फक्त दोन. तर ओपनिंगचा कोर्स विकत घेण्यात अर्थ नाही, हे त्या पानावरच लिहिलेलं आहे. बहुतेक खेळाडू आवडतं तेच शिकत राहतात. काय शिकायला हवं, ते वही सांगते.

रोग तसं औषध

‘दिसलंच नाही’ ही जात नवख्यांत सर्वांत मोठी असते. ती बुद्धीची उणीव नसते, नजरेच्या सवयीची असते. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीनं मांडायला सांगितला. ग्रँडमास्टर तो जवळजवळ जसाच्या तसा मांडत, नवखे थोड्याच सोंगट्या. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हाच प्रयोग पुढे नेला. त्यांनी सोंगट्या पटावर वाटेल तशा विखुरल्या, तेव्हा मास्टरची ती आघाडी नाहीशी झाली. याचा अर्थ मास्टरची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यासमोरची तीन प्यादी आणि एफ३ चा घोडा हे सगळं त्याला एकच आकृती म्हणून दिसत होतं, जसा आपल्याला शब्द अक्षरं न जुळवता दिसतो.

आकृत्यांचा हा साठा कोड्यांनी वाढतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण कोडं सोडवताना पूर्ण उत्तर मनात तयार झाल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. अंदाजानं बोट लावून पाहिलं तर सवय अंदाजाचीच लागते. स्वीडिश ग्रँडमास्टर अ‍ॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी सांगितलेली पद्धतही उपयोगी आहे. कोड्यांचा एकच संच पुन्हा पुन्हा, दर वेळी कमी वेळात सोडवायचा. तुमच्या वहीतल्या स्थिती हा या संचाचा सर्वांत मोलाचा भाग. त्या पुन्हा मांडा आणि आठवड्यानं, महिन्यानं सोडवा.

पण कोड्यात एक फसवणूक असते. ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच ठाऊक असतं. डावात ते कुणी सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न विचारायचे. त्याच्या चालीनं काय बदललं? मी ठरवलेल्या चालीनंतर तो कोणकोणते शह देऊ शकतो? माझी कोणती सोंगटी मारू शकतो? पाच सेकंदांचं काम आहे, पण सवय लागायला महिने जातात. दहा डावांत फक्त हीच सवय पाळायची, जिंकण्या-हरण्याकडे पाहायचं नाही, असा नेम काही काळ करून पाहा.

‘मोजणी चुकली’ असेल तर मोजणी कुठे थांबली ते बघा. बहुतेकदा ती आपल्याला आवडलेल्या चालीवर थांबते. ‘मी मारीन, तो मारेल, मी पुन्हा मारीन’ आणि पूर्णविराम. त्याच्या पुढे आणखी एकदा ‘आता त्याच्याकडे शह आहे का?’ असं विचारायचं.

‘काय करावं तेच कळेना’ ही जात थोड्या वरच्या पातळीवर वाढते. अशा वेळी आपली सर्वांत निरुपयोगी सोंगटी कोणती ते शोधून तिला कामाला लावणं, ही योजनेची चांगली सुरुवात आहे. एखाद्या जुन्या उस्तादाचा डाव घ्या, पुढची चाल झाकून ठेवा आणि स्वतः अंदाज करा. कापाब्लांकाचे डाव यासाठी उत्तम आहेत, त्यांतले हेतू स्वच्छ दिसतात.

‘माहीत नव्हतं’ याचं औषध सर्वांत सोपं. ओपनिंगमध्ये पूर्ण शाखा पाठ करू नका. प्रत्येक डावानंतर आपण पुस्तकी मार्ग कुठे सोडला ते पाहा आणि फक्त एक चाल पुढची शिका. शंभर डावांत शंभर चाली होतात आणि त्या सगळ्या तुमच्या वाटेवरच्या असतात. अंतिम टप्प्यात मात्र थोडं पाठांतर हवंच. राजा-प्याद्याच्या लढतीत राजे समोरासमोर आले की चाल कुणाची यावर निकाल ठरतो. आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला तर कडेचं प्यादं सोडून इतर कोणत्याही प्याद्यानं डाव जिंकता येतो. हत्तीच्या अंतिम लढतींतल्या लुसेना आणि फिलिडोर या दोन स्थितीही शिकून घ्या. एवढ्यावर बरेच अर्धे गुण वाचतात.

घड्याळ आणि मन

वेगवान डावांत सुधारणा का होत नाही, याचं उत्तर वहीतल्या दुसऱ्या, ‘ते का खेळलात’ या नोंदीत आहे. तीन मिनिटांच्या डावात तिथे लिहायला काही नसतं, कारण विचार झालेलाच नसतो. लीचेस डावाचा प्रकार ठरवताना मूळ वेळेत चाळीस चालींची वाढीव वेळ मिळवतं. तीन मिनिटं आणि चालीमागे दोन सेकंद म्हणजे २६० सेकंद, हा ब्लिट्झ. पंधरा मिनिटं आणि दहा सेकंद म्हणजे १३०० सेकंद, हा रॅपिड. शिकण्यासाठी हा दुसरा प्रकार चांगला. चालीमागे वेळ वाढवून देणारं घड्याळ बॉबी फिशर यांची कल्पना. त्यामुळे जिंकलेला डाव निव्वळ सेकंद संपले म्हणून जात नाही. ब्लिट्झ वर्ज्य नाही. नवी ओपनिंग हाताखालून घालायला ते बरं असतं. पण ब्लिट्झ खेळलात ते व्यायाम म्हणून धरू नका.

डावानंतर घड्याळाचा आलेख पाहा. पंधरापैकी दहा मिनिटं शिल्लक असताना मात झाली असेल तर वेळेची बचत फुकट गेली. पहिल्या दहा चालींत आठ मिनिटं गेली असतील तर ओपनिंगची माहिती कमी आहे किंवा निर्णय घ्यायची भीती आहे. भीती असेल तर ती ‘मन’ या जातीत लिहा.

मनासाठी एक नियम पुरेसा आहे, तो डोकं शांत असतानाच ठरवून ठेवायचा. सलग दोन पराभव झाले की त्या दिवशी नवा डाव नाही. उरलेला वेळ वहीला.

किती वेळ, आणि सुधारणा ओळखायची कशी

मानसशास्त्रज्ञ नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूनं एकट्यानं बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचे तास, हे त्याच्या रेटिंगशी सर्वांत घट्ट जोडलेलं आढळलं. नोकरी-घर सांभाळून आठवड्याला पाच तास मिळत असतील तर माझा सल्ला असा. दोन तासांत तीन किंवा चार रॅपिड डाव, एक तास त्यांच्या चिकित्सेला, दीड तास कोड्यांना, अर्धा तास अंतिम टप्प्याला किंवा उस्तादांच्या डावाला. खेळण्याला निम्म्याहून कमी वेळ, हे सुरुवातीला टोचतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तीस पराभव जमवा आणि बेरीज करा. रेटिंग कदाचित पन्नासच गुणांनी वर गेलं असेल. पण ‘दिसलंच नाही’ चौदावरून सहावर आलं आणि ‘काय करावं कळेना’ वाढलं, तर ती मोठी सुधारणा आहे. तुम्ही आता अधिक अवघड कारणांनी हरत आहात. शाळेत बेरीज चुकणारं मूल बीजगणितात चुकू लागतं, तसंच हे.

कोणत्याही पातळीवर वही कोरी राहत नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात गुकेशचे प्रतिस्पर्धी डिंग लिरेन यांनी पंचावन्नाव्या चालीत हत्ती एफ२ वर नेला. एका प्याद्यानं मागे असूनही तोवर डाव बरोबरीत सुटेल असं दिसत होतं. गुकेशनं हत्तीची अदलाबदल केली, आपला उंट डी५ वर आणून डिंग यांच्या कोपऱ्यातल्या उंटालाही अदलाबदल करायला लावली, आणि उरला राजा-प्याद्यांचा जिंकलेला खेळ. सहा जातींपैकी या चुकीची जात कोणती, हे फक्त डिंग सांगू शकतात. इंजिनला ती चूक पहिल्या क्षणी दिसली, पण त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, ते कुठल्याही यंत्राच्या नोंदीत नाही.

वहीचा खरा लाभ कधीतरी जुनं पान उघडताना कळतो. चार महिन्यांपूर्वीच्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘प्यादं फुकट दिसलं, घेतलं.’ ते वाक्य वाचतानाच प्रश्न पडतो, ‘अरे, पण त्यानं ते का सोडलं?’ आता तो प्रश्न विचारायला समोर कुणी बसायची गरज उरलेली नसते.